रकाना नऊ

विडी घरकुलात, दुपारी तीनला,
नरसव्वा यनगंदुल यांच्या उंबऱ्यात बसून
मी फॉर्म उघडते.
पुढच्या पाच वर्षांचा रोजगार निधी कुठं लागावा,
लोकांनाच विचारा, असं वरून आलंय.

कौशल्य?
"एमी लेदु," म्हणतात त्या. काही नाही.
आणि पत्र्याच्या मापावर तेंदूचं पान कापतात,
न बघता.

हजारातल्या साठ-सत्तर छाटात जातात,
त्यांची मजुरी नाही, पानं मात्र आपण भरायची.
"तुमच्या निधीत छाट किती?"
त्याला रकाना नाही.

सून अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कडा शिवते.
लेबलावरची भाषा तिला येत नाही,
मलाही.
"तिकडं युरोपात काम सुटलं तरी
सरकार सांभाळतं म्हणे?"
ऐकून आहे, म्हणते मी.
"मग तसं लिही की."

नऊ नंबरला जागा दीड ओळ.
पाळणाघर, लिहिते. डोळ्यांचा डॉक्टर.
शिकताना बुडालेला रोज.
पुढचं समासात चढतं.

"आणि तुझं काम कायम आहे का गं?"
अकरा महिने.

त्या सूप माझ्याकडं सरकवतात.
"बस. दोरा गुंडाळायला शिकवते."