धोपाव्याहून साडेदहाची फेरी

साडेदहाच्या फेरीबोटीत मी, माझी स्कूटर,
नारळाचे दोन टेम्पो, आणि एक वरात नसलेला नवरदेव,
मुंडावळ्या पिशवीत घालून निघालेला.
पलीकडे दाभोळला तिघं उभी असणार.
चार वर्षं झाली, रात्री भांडी आटपल्यावर
त्यांची अक्षरं माझ्या उशाशी येऊन बसतात.
फोटो कुणीच कुणाला पाठवला नाही,
लाजून म्हणा, किंवा तसंच राहून गेलं म्हणा.
'हिरवी छत्री घेऊन येते,' रुकय्यानं लिहिलेलं, 'उन्हाला.'

धक्क्यावर हिरव्या छत्र्या दोन.
पहिली एका कोळणीची, सुकटीवर सावली धरलेली.
मी तिलाच विचारलं, 'परकार?'
ती म्हणाली, 'सुकट. पावशेर देऊ?'
मागून कुणीतरी इतकं मोठ्यानं हसलं
की मी वळायच्या आत ओळखलं.
ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं,
नुसतं वाचलं होतं.

आत्माराम भुवड.
ज्याचं एकेक वाक्य म्हणजे घाटात ब्रेक सुटलेली एस.टी.,
ज्यानं खाणवाल्यांना, देवळाच्या ट्रस्टींना
नावं घेऊन झोडलं,
तो हा? एवढासा माणूस,
दाढी करताना कापलं तिथे कागदाचा कपटा तसाच.
चहा सांगायला पोऱ्याला हाक मारवेना त्याला.
तीनदा हात वर केला, तीनदा डोकं खाजवलं.
शेवटी रुकय्यानंच ओरडून चार चहा मागवले.

मग गप्प.
रुकय्याचे वडील कुवेतहून आले
तेव्हा खोक्यात काय काय होतं, मला पाठ.
भुवड कुणाच्या लग्नाला गेले नाहीत आणि का, तेही.
पण 'अहो' म्हणावं की 'अरे', तिथंच गाडं अडलं.
पाय कुठे ठेवायचे कळेना.
लिहिताना पाय नसतात.

रुकय्याच्या डब्यातून सांदणं निघाली, जरा जीव आला.
मी भार्गवला म्हटलं,
'टिपूला नाही आणलंत?'
टिपू, हर्णैच्या वाळूत पहाटे त्याच्यासोबत हिंडणारा,
फाटक्या कानाचा, बर्फाच्या गाडीवर भुंकणारा.
गेल्या मंगळवारीच त्यानं
कुणाच्या तरी टोपलीत तोंड घातलं होतं.

भार्गव चोगले सांदणाचा तुकडा बोटांत फिरवत राहिला.
'तो गेला. शिमग्याला तीन वर्षं होतील.'

'मग मंगळवारी?'
भुवडांचं त्या सकाळचं पहिलं अख्खं वाक्य.

'लिहायला बसलो की येतो,' भार्गव म्हणाला.
'हाकलवत नाही.'

एक फेरी भरून निघून गेली.
रुकय्यानं एक सांदण कागदावर काढून
बाकाच्या टोकाला ठेवलं.
धक्क्यावरचं भलतंच एक कुत्रं आलं,
हुंगलं, आणि सुकटीकडे गेलं.

तेव्हा सांगायला हवं होतं मी माझ्या खिडकीचं.
अंजनवेलची माझी खिडकी,
जिच्यातून खाडी समुद्राला मिळते ती जागा दिसते,
दीपगृहाचा उजेड फिरत फिरत उशीवर येतो,
असं मी चार वर्षं लिहितेय.
खिडकी आहे. नाही असं नाही.
समोर दीड हातावर
विसपुत्यांच्या गिरणीची मागची भिंत.
तिच्यावर ओल चढते, उतरते,
बघायचीच म्हटली तर भरती-ओहोटी.
घशाशी आलेलं चहाबरोबर गिळलं.

दोनची फेरी लागली, फळी धाडकन् आदळली.
भुवडांनी हात हलवला, खिशात घातला,
परत काढून हलवला.
भार्गव पाण्याकडे बघत होता, की वाळूकडे.
रुकय्यानं छत्री मिटली आणि धक्क्यावरून ओरडली,
'पुढच्या वेळी तुझ्याकडे! त्या खिडकीत बसायचंय!'

इंजिनामुळे ऐकू आलं नाही
असा मी कानाला हात लावला.

तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं.