सांडशी

मंगळवारी दुपारी बटण मीच दाबलं.
तीनशे बारा पॅकेजं नवी आहेत, घ्यायची का?
म्हटलं, घे.
लॅबमध्ये पडदे अकरा, पण डोकं एकच,
आणि रेंज फक्त खिडकीच्या गजाजवळ,
तिथं टांगलेला माझा फोन.

दोनशे चाळिसाव्याला लाईन गेली.
त्या वेळेला फिडर बदलतात, माहीत होतं.
यूपीएसची बॅटरी फुगून मेलीय, तेही माहीत होतं.

आता यंत्र उठतं. टिचकी ऐकतं.
आठवीतल्या आचल मडावीचा मोर तसाच आहे,
एका पायाचा.
पण नवं काही मागा,
ॲप्ट म्हणतं, आधीचं काम अर्धं आहे, डीपीकेजीला सांगा.
डीपीकेजी म्हणतं, माझी जुनी लायब्ररी काढली,
नवी मांडली नाही,
मी कसा उभा राहू?
सगळ्यांना बसवणारा
स्वतःच बसेना.

उकंडराव बावणे दाराची कडी ठोकायला आले होते.
"काहून मॅडम, तोंड उतरलं?"
सांगितलं. दुरुस्त करणारं अवजारच मोडलं,
आणि ते दुरुस्त करायला तेच लागतं.
वाटलं, हसतील.
त्यांनी खिळा दातात धरला, मग काढला.
"त्यात काय नवल हाये?
सांडशी घडवाले सांडशीच लागते."
"मग पहिली?"
"पहिली मांगून आणा लागते.
नाही भेटली त ओल्या लाकडाच्या दोन फाट्या घ्या.
हात भाजते.
पण होते."

बुधवारी तळेगाव. चौदा किलोमीटर,
पुलाखालून, कारण पुलावर काम चालू.
घोडमारे सरांचं यंत्र शाबूत होतं
कारण अपडेट करायचा त्यांना कंटाळा.
दोन वर्षं ज्याच्यावर मी हसले
त्या कंटाळ्यातून पेनड्राइव्ह भरून घेतला,
डब्याच्या पिशवीत, लोणच्यापासून लांब.

मग रात्री लॅबमध्ये.
गाठोडं हातानं सोडलं, आधी एआर, मग टार,
एकेक फाइल जिथली तिथं.
चुकीच्या जागी एक ठेवली असती तर
अकराही पडदे काळे,
म्हणून प्रत्येक ओळ वाचायची, परत वाचायची,
एंटरवर बोट ठेवून बसायचं.
ट्यूबभोवती किडे. बाहेर कुणाची तरी मोटर.

साडेअकराला पहिली ओळ हलली.
मग दुसरी.
मग इतक्या भराभर की वाचवेना.
मी वाचायचा प्रयत्नही सोडला,
नुसती बसून राहिले,
चुलीत पडलेल्या विस्तवाकडे बघावं तशी.

पाच पॅकेजं अजून अर्धवट आहेत.
कोणती, काय करतात, कळलेलं नाही.
त्यांच्यावाचून काही अडत नाही, हेच जरा भीतीचं.

पेनड्राइव्ह किल्लीशेजारी खिळ्याला अडकवलाय.
पट्टीवर पेनानं लिहिलंय: सांडशी.
मुलं विचारतात, स्वयंपाकाची का?

आज सकाळी कोपऱ्यात परत आलं,
सतरा नवी आहेत, घ्यायची का?
मी घड्याळ पाहिलं. पंखा पाहिला, फिरत होता.
सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन लावला.
त्यानं उचलला नाही.