माया

घाटल्यात, माझ्या दुकानाच्या पायरीपासून
पिठाच्या गिरणीपर्यंत
रस्ता यंदा तिसऱ्यांदा उसवला.

उसवला हा माझा शब्द.
पाटीवर सुधारणा लिहिलंय,
आणि पुढे रक्कम. तिची शून्यं मोजताना
चष्मा दोनदा पुसावा लागतो.

दुपारी कामगार जेवायला बसले
तेव्हा गळ्यातला टेप घेऊन खाली उतरलो.
काँक्रीटची कड उघडी पडली होती.
पाटीवर दहा इंच.
टेपवर सहा.
पुन्हा लावला. सहा इंच, एक सूत.

साहेब म्हणाले, "मास्तर, कापडी टेप तो, ताणतो."
म्हटलं, तुमच्या ह्या शर्टाचं माप
ह्याच टेपने घेतलं होतं. बसलाय ना नीट?
त्यांनी कॉलरचं बटण चाचपलं
आणि न वाजलेला फोन कानाला लावला.

मी काही मोठा करदाता नाही.
पण रिळावर भरतो, हुकांच्या पाकिटावर भरतो,
दहा बाय आठच्या ह्या गाळ्यावर भरतो,
पावत्या मशीनच्या खणात, बॉबिनांखाली.
कधी वाटतं, त्यातलं एखादं सूत
तरी ह्या रस्त्यात असेल.

चार इंच गेले कुठे, हे घाटल्यात सगळ्यांना ठाऊक आहे.
कुणाच्या फार्महाऊसच्या जोत्यात, म्हणतात,
बरीच माया जमवलीय.

आमच्या धंद्यातही माया असते.
शिवणीच्या आत दुमडून ठेवायची,
उद्या अंग भरलं तर सोडायला.
गफूर मास्तर शिकवायचे,
मीटरमागे चार बोटं मार हवी तर,
पण गिऱ्हाइकाच्या अंगाला कमी पडू देऊ नकोस.

काल वैतीबाई आल्या, हात गळ्यात बांधलेला.
गिरणीसमोरच पाय मुरगळून पडल्या, डबा हातात होता,
पीठ सगळं खडीत.
"बाही उसवून दे रे, प्लास्टर आत जात नाही."

ब्लाउज माझ्याच हातचा, सहा वर्षांपूर्वीचा.
ब्लेडने टाके काढले, बाही उलटी केली.
आत माया नव्हती.

चिंध्यांच्या पिशवीत हात घातला,
जवळपासचा हिरवा शोधत राहिलो.
सापडला तो जरा उजळ होता.
पट्टी जोडून दिली.
बाई पर्स उघडत होत्या एका हाताने.
मी म्हटलं, राहू द्या.
त्यांना वाटलं, मास्तर भला माणूस.

बाहेर मिक्सर पुन्हा सुरू झाला होता.