बोश्त्यान उतारावर खाली उतरतो

जुलैतला शनिवार. पोहोर्येच्या जंगलात
सकाळी सातलाच राळेचा वास तापायला लागलेला.
आम्ही चौघं. नेझा पुढे,
तिच्या मागच्या चाकाला गेल्या रविवारचा चिखल,
त्याचे पापुद्रे उडून माझ्या दातांत.

चढ कुणाची ओळख ठेवत नाही.
यर्नेयनं गिअर बदलला की साखळी कुरकुरते,
सासूसारखी, असं तोच म्हणतो,
ह्याच वळणावर, गेली अकरा वर्षं,
आणि आम्ही हसतो.
हसायला दम लागतो,
आणि तो संपलाय हे एकमेकांना कळू द्यायचं नसतं.

वाटेत स्प्रूसच्या ओंडक्यांची रास,
ताजी कापलेली, अजून ओली.
बोश्त्यान एकाच्या तोंडावर बोट ठेवतो,
सालीपासून आत, आत.
वखार विकून दोन वर्षं झाली.
‘हे वर्ष कोरडं गेलं होतं,’ म्हणतो, आणि पुढचं सांगत नाही.

माथ्यावर पाणी, पाव, रानातल्या ब्लूबेरी.
चौघांच्याही जिभा शाई प्यायल्यासारख्या.

मग उतार.
मुळं, दगड, बीचच्या सावलीत न वाळलेली माती.
इथून तो पूर्वी गोफणीतून सुटल्यासारखा जायचा,
आम्हाला दिसायची फक्त धूळ.
फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याची छाती उघडली, शिवली.
आता तो खाली उतरतो,
हँडल धरून सायकल चालवत नेतो,
बाजारात विकायच्या वासरासारखी,
तीही मागे मागे ओढ घेते.

कुणी काही बोलत नाही.
नेझाला अचानक ब्रेकचा आवाज येतो.
मला अजून थोड्या ब्लूबेरी दिसतात.
यर्नेय बुटाची नाडी बांधायला वाकतो.
त्याच्या बुटाला नाडी नाही.

‘म्हातारे झालात रे,’ बोश्त्यान गाठून म्हणतो,
‘दर वळणाला थांबता.’
‘झालो खरे,’ यर्नेय म्हणतो, वाकलेलाच.

शेवटच्या कुरणात मात्र वाट सपाट होते,
कापलेल्या गवताच्या ओळी, लांबवर एक ट्रॅक्टर.
तिथं तो न सांगता टांग टाकतो,
दोन पॅडल मारतो,
आणि पाय दोन्हीकडे पसरून सोडून देतो सायकल,
बावन्न वर्षांचा,
शर्टात वारा, पाठ फुगलेली.

आम्ही मागून पाहत राहिलो.
निघायला गेलो
तर नेझाचं पुढचं चाक खरंच बसलेलं.

पंप बोश्त्यानकडे.
हाका मारून परत बोलवावं लागलं.
आला, गुडघे टेकले,
आणि कुणाला चाकाला हात लावू दिला नाही.