चार अंश, सही

वहीत शेवटची ओळ आहे:
‘आजपासून रोज एक पान, काहीही होवो.’
खाली तारीख. दोन वर्षं आणि एक महिना मागची.
तसं म्हटलं तर काहीच झालं नाही.
शीतगृहाचा कॉम्प्रेसर दोनदा बसला,
धाकटीचा दात पडला, आला,
आणि मी रोज लिहीत राहिलो दुसऱ्याच रजिस्टरात:
आवक, जावक, पेटी पंधरा किलो,
खोली नंबर तीन, चार अंश, सही.

वही टीव्हीखाली.
तिच्यावर रिमोट, रिमोटवर बिलं,
बिलांवर कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका.
मधल्या एका पानावर बायकोनं दुधाचा हिशेब मांडलाय,
एकावर धाकटीनं हत्ती काढलाय
आणि खाली लिहिलंय ‘उंदीर’.

मग मला कावीळ झाली.
डॉक्टर बिरनाळे म्हणाले, एकवीस दिवस आडवं पडायचं.
तेल बंद, तिखट बंद. ऊस तेवढा खा.
मी चोथा टाकत गेलो बादलीत
आणि वाचत गेलो.
थोरला सायकलवरून वाचनालयात जायचा,
तीन आणायचा, तीन परत.
काविळीत जग पिवळं दिसतं म्हणतात,
मला कागदच पिवळे मिळाले,
त्यामुळे दोष कुणाचा ते ठरलं नाही.

चौथ्या खेपेला मगदूम बाईंनी
पुस्तकात चिठ्ठी घालून पाठवली:
‘वाचतासा का गिळतासा?’
मी उलट चिठ्ठी दिली: ‘भूक लागलीया.’
वरणभाताची नव्हती ती.
एका पुस्तकात एक बाई अख्खा पावसाळा
एकाच पत्राचं उत्तर लिहीत बसली होती.
एकात बोटीवरचा स्वयंपाकी मीठ संपल्यावर रडला.
एकाची शेवटची चाळीस पानं कुणी फाडून नेली होती,
ती मी रात्री तीन वाजता आढ्याकडं बघत
माझी मीच जुळवली.
वाईट नव्हती.

बाविसाव्या दिवशी कामावर.
गेटवर नदाफ म्हणाला, लई उतरलासा की.
मी म्हटलं, उलट भरलोय.
त्याला कळलं नाही.
मलाही कुठं नीट कळलं होतं.

रात्रपाळीला वही नेली डब्याच्या पिशवीतून.
दोन वाजता, खोल्या घुमत असताना, उघडली.
पहिली ओळ लिहिली, ती माझी नव्हती.
पत्रवाल्या बाईची होती.
तिचा पावसाळा तिला परत देऊन टाकला.
दुसरी ओळ स्वयंपाक्याची, खारट.
तीही खोडली.
मग अर्धा तास नुसतं पेन हातात.

डब्यात बायकोनं बेदाणे भिजवून दिले होते,
काविळीनंतर चांगले म्हणून.
वाटीत टपोरे फुगलेले,
सुरकुत्या जवळजवळ गेलेल्या.
जवळजवळच.
परत द्राक्ष काही होत नाही त्याचं,
कितीही भिजवा.
पण पाणी मात्र गोड झालेलं असतं,
आणि ते पाणी ना वेलीचं, ना विहिरीचं.

ते मी पिऊन टाकलं, उभ्यानंच.

मग लिहिलं:
सावळजच्या दोघा भावांच्या दोनशे एक पेट्या
तीन नंबरात दीड वर्ष पडून आहेत.
निम्म्या निम्म्या होत नाहीत
म्हणून कुणीच न्यायला येत नाही.
मी रोज मोजतो.
वरची ती एक
रोज वेगळीच निघते.

एवढंच. तारीख घातली.
‘उद्यापासून’ असं लिहायला घेतलं होतं,
‘उ’वरच थांबलो.
तो ‘उ’ तसाच आहे तिथं, एकटा.

पहाटे तासगावच्या सौद्यासाठी पहिला टेम्पो लागला.
आवक-जावक भरताना
दोन नोंदींच्या मध्ये
माझ्याकडून एक ओळ मोकळी सुटली.
मॅनेजर विचारील, हे काय.
सांगेन, हात गार पडला होता.