शनिवार-रविवारची बॅच

सातपूरची रात्रपाळी उरकून
मी गंगापूर रोडवर वर्गात येऊन बसतो.
वय त्रेपन्न, गळ्यात विद्यार्थ्याचं ओळखपत्र.
वही लेकीची,
पुढच्या पानांवर तिचं अर्धवट रसायनशास्त्र.

पडद्यावर केस :
एक कारखाना, तोट्यातला. माणसं तीनशे बारा.
किती ठेवाल? वेळ पंधरा मिनिटं.

आमच्या गटानं चाळीस टक्के उडवले,
दहाव्या मिनिटालाच.
मी आकडा लिहिला, खोडला.
समासात आपोआप उतरत गेले
पगारे, खैरनार,
प्रेसवर दोन बोटं गेलेला निरभवणे

"सर, तुम्ही गप्प?"
मॅडम लेकीहून चारपाच वर्षांनीच मोठ्या.

म्हटलं, यातला एक
खाली गेटवर उभाय, मॅडम.
माझी स्कूटर त्याच्याकडे आहे.