रेघ

येळ्ळूरच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरात कण्हते.
शर्टाच्या खिशात ॲड्रिनॅलिनची एक अँप्यूल,
लागू नये म्हणून रोज बाळगलेली.

शेवंताबाई मेणसे. डावा पाय.
पोटरी ताणलेली, तुकतुकीत, हाताला तव्याची धग.
सिव्हिलला चला म्हटलं, तर
"म्हशीला दुसऱ्याचा हात चालत नाही ओ, डॉक्टर."
मग मीच आलो.

पहिल्या दिवशी बॉलपेननं
लालीच्या कडेकडेनं रेघ ओढली.
"आता ही आणि कसली हद्द?"
अथणीची सून हसली, कन्नडमध्ये काहीतरी बोलली,
सासूनं मराठीत झापलं.
पंधरा वर्षं दोघींचं असंच चालतं.

कुपीत पाणी सोडायचं, हलवायची, फेस बसू द्यायचा.
मनगटातल्या सुईतून हळूहळू,
मनात दोनशे मोजत, एक ग्रॅम.
मग अर्धा तास नाडी बघत बसायचं,
बशीतला चहा कधीच निवालेला.

तिसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून बोटभर बाहेर.
त्या रात्री फोन उशाशी, झोप नाही.
चौथ्या दिवशी तिथंच.

पाचव्या दिवशी सून दारातूनच ओरडली,
"वळग होगेत्री!"
आत गेली.
मी वाकून पाहिलं: लाली आणि रेघ यांच्या मधे
दोन बोटं नुसती कातडी,
सुरकुतलेली, कुणाचीच नसलेली.

सातव्या दिवशी सुई काढली.
बोळा दाबून धरा म्हटलं, धरला नाही,
गोठ्यात गेली.
रेघेचं काय, मी विचारलं.
"आंघोळीत जाईल की," आतून आवाज,
आणि रिकाम्या बादलीत पहिली धार.